घाटांतील थंडी आणि माझें गणित

वऱ्हाडांत जन्मलेल्या मनुष्यास थंडीचें भय वाटत नाहीं. कारण थंडीची आणि त्याची खरी ओळखच झालेली नसते. चैत्र-वैशाखांत अमरावतीचे आणि अकोल्याचे रस्ते तव्यासारखे तापतात, पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि त्या उन्हांतून परीक्षा देऊन सायकल रेटीत घरीं येणारा मुलगा आपणांस सर्व ऋतूंचा विजेता समजूं लागतो. मीहि तसाच समजत होतों. गेल्या नाताळच्या सुटींत चिखलदऱ्याच्या घाटानें माझा हा गैरसमज दूर केला. त्याबरोबर घाटानें मला आणखी एक गोष्ट शिकविली, आणि मुख्यतः तिच्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

आम्हां सात विद्यार्थ्यांना सायकलीचा नाद आहे. जानेवारींत बाहेरगांवीं होणाऱ्या एका शर्यतीस आमच्यांतून एकालाच पाठवावयाचें होतें. तो एक कोण, हें ठरविण्यासाठीं आमच्या व्यायामशिक्षकांनीं एक चांचणी योजिली. परतवाड्याहून निघावयाचें, चिखलदऱ्यास जाऊन वळावयाचें, आणि घाट उतरून धामणगांव गढीस जो प्रथम पोंचेल त्याची निवड व्हावयाची. परतवाडा ते चिखलदरा हें अंतर सुमारें ३० किलोमीटर. आरंभीं रस्ता बहुतेक सपाट आहे. पुढें मेळघाटचे डोंगर सुरू होतात, आणि वळणें घेत घेत तो १,११८ मीटर उंचीवरील त्या गिरिस्थानास जातो. भीमानें कीचकास मारून येथल्या दरींत लोटलें आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, अशी लोककथा आहे. जवळच गाविलगड आहे. तो १८०३ सालच्या डिसेंबरांत आर्थर वेलस्लीच्या फौजेनें घेतला. तेव्हां डिसेंबरांत या डोंगरावर स्वारी करणारे आम्ही कांहीं पहिलेच नव्हतों!

सातांपैकीं खरी चुरस दोघांतच होती. माझा एक वर्गमित्र आणि मी. तो अंगानें दणकट व मनानें मोकळा. मी सडपातळ, आणि पुस्तकें वाचून शर्यत जिंकूं पाहणारा. माझें गणित असें होतें: सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मोठा शत्रु म्हणजे हवा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. परंतु पुढच्या स्वाराच्या चाकाला चाक लावून मागें राहिलें, म्हणजे तो वारा फोडतो आणि मागच्याचे श्रम चांगल्या वेगांत पाव ते तृतीयांशानें कमी होतात. म्हणून सभ्य स्वार आळीपाळीनें पुढें होतात. मीं ठरविलें कीं, आपण पुढें व्हावयाचेंच नाहीं. मित्राची शक्ति खर्च होऊं द्यावी, आपली राखून ठेवावी, आणि घाटांत त्यास मागें टाकावें.

आदल्या रात्रीं परतवाड्यास मुक्काम होता. जेवणानंतर सरांनीं आम्हांला इटलींतील एका शर्यतीची हकीकत सांगितली. ५ जून १९८८ रोजीं ‘जिरो दि'तालिया’ या प्रसिद्ध शर्यतीचा टप्पा गाव्हिया नांवाच्या, २,६०० मीटरांहून उंच अशा घाटावरून जावयाचा होता. दिवस उन्हाळ्याचे, परंतु वर हिमवर्षाव सुरू झाला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाच्या लोकांनीं त्याच दिवशीं सकाळीं दुकानांत जाऊन उबदार कपडे व हातमोजे विकत आणून ठेविले होते. हॉलंडचा योहान व्हान डर व्हेल्डे अपुऱ्या कपड्यांनिशीं घाटमाथ्यावर सर्वांच्या आधीं पोंचला. परंतु उतारावर थंडीनें इतका काकडला कीं, त्याला थांबणें भाग पडलें, आणि टप्प्याच्या शेवटीं तो सुमारें पाऊण तास मागें पडला. तो टप्पा एरिक ब्रॉयकिंकनें जिंकला. हॅम्पस्टेन दुसरा आला. परंतु एकंदर शर्यतींतील पहिल्या स्वाराचा गुलाबी सदरा त्या दिवशीं हॅम्पस्टेनच्या अंगावर चढला, तो शेवटपर्यंत उतरला नाहीं. “शर्यत चढावर रंगते, पण पुष्कळदां उतारावर हरते,” असें सर म्हणाले. आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनीं २०१७ सालीं अमेरिका खंड सायकलीनें एकट्यानें ओलांडण्याची शर्यत बारा दिवसांच्या आंत पुरी केली. त्यांच्याहि मागें साह्यकांची गाडी होती, हेंहि त्यांनीं सांगितलें. सर्वांनीं ऐकलें. मींहि ऐकलें, परंतु मनांत ठेविलें तें इतकेंच कीं, मागें राहणारा जिंकतो. मनुष्य आपल्या सोयीचें तेवढेंच ऐकतो, याचें याहून चांगलें उदाहरण मजजवळ नाहीं.

आईनें पिशवींत लोकरीचा स्वेटर घालून दिला होता. वजन नको म्हणून पहाटे मीं तो हळूच काढून बिछान्याखालीं ठेविला.

साडेसहास आम्ही निघालों. रस्त्याच्या दोहों बाजूंस संत्र्यांच्या बागा धुक्यांत बुडाल्या होत्या. पहिल्या पांच-सहा किलोमीटरांतच आम्ही दोघे इतरांच्या पुढें गेलों. मित्र पुढें, मी त्याच्या मागें. थोड्या वेळानें मान वळवून तो म्हणाला, “चल, आतां तूं हो पुढें.” मीं सांगितलें, “माझ्या पोटरींत गोळा आला आहे.” ती शुद्ध थाप होती. तो कांहीं बोलला नाहीं; उलट मला जड जाऊं नये म्हणून त्यानें वेग किंचित् कमी केला. त्या क्षणीं मला लाज वाटावयास हवी होती. मला वाटला तो आनंद.

घाट लागला आणि माझें गणित चुकूं लागलें. चढावर वेग तासाला दहा-बारा किलोमीटरांवर येतो. तेथें हवेचा विरोध नांवालाच उरतो; लढाई असते ती स्वतःच्या वजनाशीं. मित्राच्या मागें राहून आतां मला कांहींच मिळत नव्हतें. तो एका लयींत पाय चालवीत होता. मी मात्र अधीर होऊन दोन-तीन वेळां वळणावर उसळी मारून पुढें गेलों आणि दोन-तीन वेळां दमून मागें आलों. सदरा घामानें निथळूं लागला. माथ्यावर आम्ही जवळजवळ बरोबरच पोंचलों.

वर ऊन नव्हतें. दरींतून धुकें येत होतें आणि वारा सुटला होता. साधारणतः हजार मीटर चढलें असतां हवा सहा-साडेसहा अंशांनीं थंड होते. आम्ही पायथ्यापासून सुमारें पाऊण हजार मीटर वर आलों होतों. वळावयाच्या ठिकाणीं आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी उभे होते. ते ओरडून म्हणाले, “थांबा, अंगांत कांहीं घाला!” मित्र थांबला. त्यानें ओला सदरा काढला, पिशवींतील कोरडा सदरा घातला, छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या ठेवून वर स्वेटर व हातमोजे चढविले. हा सारा वेळ मला देवानें दिलेली आघाडी वाटली. मी न थांबतां वळलों आणि उतारास लागलों.

पहिलीं दोन मिनिटें स्वर्गसुखाचीं गेलीं. नंतर थंडीनें आपला हिशेब मांडला. चढतांना शरीर भट्टीसारखें चालतें. उतरतांना पाय थांबतात आणि भट्टी विझते. अंगावर ओला सदरा, समोरून ताशीं चाळीस किलोमीटरांचा वारा. ओल्या कपड्यांतून अंगची ऊब किती झपाट्यानें जाते, हें मला तेव्हां समजलें. प्रथम दांत वाजूं लागले. मग खांदे थरथरूं लागले आणि त्यांच्याबरोबर हँडलहि. शेवटीं बोटें सुन्न झालीं. ब्रेकवर बोटें दिसत होतीं, परंतु तीं माझीं आहेत असें वाटत नव्हतें. एका तीव्र वळणावर मीं ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असें मला वाटलें. सायकल सरळ गेली आणि डोंगराच्या बाजूच्या चरांत मी आडवा झालों. ती दरीची बाजू नव्हती, हें माझें भाग्य. त्यांत माझें कौशल्य कांहीं नव्हतें.

कोपर सोलटलें होतें. परंतु उठतां येईना तें थंडीनें. थोड्याच वेळांत मित्र आला. क्षणभर मला वाटलें, हा आतां निघून जाईल. मीं त्याच्या जागीं असतों तर काय केलें असतें, याचें उत्तर मला ठाऊक होतें. म्हणूनच तसें वाटलें. तो उतरला. माझा ओला सदरा काढून त्यानें स्वतःचा स्वेटर माझ्या अंगांत घातला, वर्तमानपत्राच्या घड्या आंत सरकविल्या, आणि खिशांतील गूळ-शेंगदाणे माझ्या तोंडांत घातले. इतक्यांत तिसरा मुलगा वरून आला. त्याला हात करून मित्रानें “सगळें ठीक आहे” म्हणून सांगितलें, आणि तो पुढें निघून गेला. मीं म्हटलें, “तूं जा. अजून गांठशील त्याला.” तो म्हणाला, “शर्यत पुढल्या वर्षीं पुन्हां होईल बे. हात काखेंत धर आधीं.”

अर्ध्या तासानें आम्ही हळूहळू खालीं निघालों. खालीं ऊन पडलें होतें. गढी जवळ आली तसा मीं स्वेटर काढून त्याला परत दिला आणि अर्धवट सुकलेला माझा सदरा घातला. त्याच्या बाहीखालीं कोपर झांकलें गेलें. घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या सरांनीं मित्राला विचारलें, “कां रे, उतारावर इतका मागें पडलास?” तो म्हणाला, “थोडा थांबलों होतों, सर.” एवढेंच! मी शेजारींच उभा होतों. एक वाक्य बोललों असतों तर पुरें होतें. मी बोललों नाहीं.

जवळच्या चहाच्या टपरीवरील वृद्ध गृहस्थ आमचे काळेनिळे ओंठ पाहून म्हणाले, “पोट्टेहो, चढताना घाम येते, अन् उतरताना जीव जाते. घ्या, गरम चहा घ्या.” तो चहा मला गोड लागला नाहीं.

अमरावतीस परत येईपर्यंत मीं तें ओझें वाहिलें. शेवटीं रात्रीं सरांच्या घरीं जाऊन मीं सर्व सांगितलें; चरांतील पडणें, स्वेटर, आणि पोटरींतील तो खोटा गोळाहि. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “निवड बदलतां येणार नाहीं. जो पहिला आला तो प्रामाणिकपणें आला आहे. पण जें तूं मला सांगितलेंस, तें तुझ्या मित्रालाहि सांग. गोळ्याची गोष्ट त्याला ठाऊक नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं तें सांगणें मला घाट चढण्याहून अवघड गेलें. मित्र ऐकून हंसला नाहीं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “मीं तुझ्यासाठीं वेग कमी केला होता रे.” यावर मजजवळ उत्तर नव्हतें. आठ दिवस आमचें बोलणें तुटकच झालें. नवव्या दिवशीं सकाळीं तो दाराशीं सायकल घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “चल. आजपासून वारा अर्धा अर्धा.”

घाटास जाणाऱ्या माझ्या बंधूंनीं पिशवींत कोरडा सदरा, हातमोजे व जुनें वर्तमानपत्र अवश्य ठेवावें. माथ्यावर दोन मिनिटें थांबून तें अंगांत घालावें. भूक लागण्यापूर्वीं खावें, आणि बोटें सुन्न होऊं लागतांच उतरून चालावें. पालकांनीं स्वेटर पिशवींत घालून स्वस्थ बसूं नये. तो पिशवींतच राहिला आहे ना, हें निघतेवेळीं पाहावें. आमची आई आतां तसें पाहते. आणि पुढें होण्याची आपली पाळी आली, म्हणजे पुढें व्हावें. हें शेवटचें कलम कोणत्याहि सायकलीच्या पुस्तकांत मीं वाचलें होतें; समजलें मात्र चिखलदऱ्याच्या चरांत.