आमचा काचेतील समुद्र

समुद्र आमच्या गावी चैत्रात येतो, असे आमची आजी नेहमी म्हणत असे. कार्ले हे घाटमाथ्यावरील मावळातले गाव. येथे आकाशातून पडणारे पाणी अपार, परंतु खारे पाणी पाहावयाचे तर घाट उतरूनच जावे लागते. मात्र चैत्रात एकवीरा देवीच्या यात्रेस कोळी बांधव सहकुटुंब पालख्या घेऊन येतात, तेव्हा वेहेरगावचा डोंगर आणि आमचा रस्ता जणू कोकणकिनाराच होऊन जातो. या वर्षी त्याच यात्रेने आम्हांस एक धडा दिला. तो आमच्या बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा म्हणून येथे सांगत आहोत.

आमच्या वडिलांनी बालपणी मुंबईचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. तेव्हापासून घरी एक खाऱ्या पाण्याचे कुंड असावे, अशी त्यांची इच्छा होती. गेल्या दिवाळीत ती सफल झाली. तीन फूट लांबीची काचेची पेटी आली. तीत सुमारे १२० लिटर पाणी मावले. दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणाने चार किलोंहून अधिक सागरी क्षार आम्ही विहिरीच्या पाण्यात विरघळविले. चुनखडीचे सच्छिद्र दगड रचले, वर दिवे टांगले, आणि पाणी मुरल्यावर उबवणीत जन्मलेले दोन क्लाउन मासे, काही शंख व एक लाल पट्ट्यांची कोळंबी आत सोडली. आमच्या धाकट्या भावास जिवंत प्रवाळही हवे होते; परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ सालापासून आपल्या देशातील कठीण प्रवाळांस वाघासारखेच पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले आहे, हे वडिलांनी सांगितल्यावर तो हट्ट त्याने सोडला.

पहिले तीन आठवडे आमच्या आनंदास सीमा नव्हती. मग वाळूवर तपकिरी रंगाची धूळ दिसू लागली. नव्या कुंडात असे होतेच, ते सूक्ष्म शेवाळ आपोआप ओसरते, असे आम्ही वाचले होते; आणि ते ओसरलेही. परंतु नाताळच्या सुटीत दगडांवर हिरवे केस उगवू लागले. आज बोटभर, तर उद्या वीतभर! काच सकाळी पुसावी तो संध्याकाळी पुन्हा हिरवी. थोड्याच दिवसांत आमच्या समुद्रास एखाद्या पडक्या विहिरीची कळा आली.

आता दोष कोणाच्या तरी माथी मारणे प्राप्तच होते, आणि तो आम्ही धाकट्या भावाच्या माथी मारला. तो माशांस दिवसातून तीन वेळा खाऊ घालीत असे. उरलेले अन्न कुजते, त्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे तर शेवाळाचे खतच, हे ज्ञान आम्ही त्यास मोठ्या अधिकारवाणीने ऐकविले. अन्नाची डबी कुलपात ठेवली. "तुझ्या हातांनी हे कुंड मरणार," असेही आम्ही त्यास बोललो. तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो कुंडाजवळ बसेनासा झाला.

शेवाळ मात्र वाढतच राहिले. तेव्हा आम्हांस एक नामी युक्ती सुचली. तांब्याच्या हंड्यातील पाणी हिरवे होत नाही, हे आजीकडून ऐकले होते. आम्ही कोणास न विचारता देवघरातील जुनी तांब्याची पळी दोऱ्यास बांधून कुंडात सोडली. काही दिवसांत शंख काचेवरून एकेक करून गळून पडले. मग कोळंबी दगडाआड उलटी पडलेली दिसली. तांबे शेवाळास मारते हे खरे. परंतु खाऱ्या पाण्यात ते विरघळते, आणि पाठीचा कणा नसलेल्या जिवांस त्याचा अल्प अंशही विषासमान होतो. मासे तेवढे वाचले. चुनखडीच्या दगडांत तांबे मुरून राहते आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरते. म्हणून दगडही फेकून द्यावे लागले. पळी कोणी टाकली, हे आम्ही त्या वेळी घरात कबूल केले नाही. भावावरचा संशय तसाच राहू दिला. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

नवे दगड, नवे पाणी, आणि महिन्याभरात पुन्हा तेच हिरवे केस! असा हताश अवस्थेत चैत्र आला. यात्रेच्या दिवशी एक वृद्ध कोळीण पाणी मागण्यास आमच्या ओटीवर टेकली. तिची दृष्टी कुंडाकडे गेली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "पोरा, हा खडक आहे, पण खडकावर चरणारं कोणीच नाही. आमच्याकडे ओहोटीला बघ, शंख कसे खडक चाटून साफ करतात. शेवाळाला खाणारा ठेवावा, आणि शेवाळाला खायला घालू नये."

"मावशी, खायला तर आम्ही कधीचेच कमी केले आहे," आम्ही म्हणालो.

"मग पाण्यातूनच जात असेल की," एवढे बोलून तिने तांब्या खाली ठेवला आणि ती डोंगराकडे चालू लागली.

तिच्या त्या शब्दांनी आमचे डोळे उघडले. दुसऱ्याच दिवशी विहिरीचे पाणी बाटलीत भरून आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. गुरुजींनी त्यात नायट्रेटची परीक्षा करणारे द्रावण टाकताच पाणी लालभडक झाले. विहिरीभोवती भातखाचरे आहेत. त्यांत पडणारे युरिया खत झिरपून पाण्यात उतरत होते. कुंडातील पाणी रोज आटे व आम्ही रोज विहिरीचे पाणी ओतीत असू. पाणी वाफ होऊन जाते, नायट्रेट मागेच राहते. म्हणजे जे आम्ही उपाय म्हणून करीत होतो, तेच रोगाचे मूळ होते! खिडकीतील ऊन व बारा तास जळणारे दिवे त्यास साह्य करीत होते. भावाच्या चिमूटभर अन्नाचा वाटा त्यात अगदी थोडा होता.

त्या संध्याकाळी आम्ही भावास सारे सांगितले, पळीचेही. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "दादा, मला ठाऊक होते. दोरा कुंडातच राहिला होता." त्याने तो कोणास दाखविला नव्हता! आम्ही अन्नाच्या डबीची किल्ली त्याच्या हाती दिली.

पुढील काम आम्ही दोघांनी मिळून केले. खिडकीस पडदा लावला, दिवे आठ तासांवर आणले, शेवाळ हाताने उपटले, दगड जुन्या दातांच्या ब्रशाने घासले, आणि नवे शंख आणले. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावयाचे, ते शुद्ध केलेल्या पाण्यानेच. मावळात पाऊस सुरू झाल्यावर तर आमची चंगळच झाली. पहिल्या सरींनी हवा धुऊन निघाल्यावर अंगणात स्वच्छ प्लास्टिकचे कापड ताणून आम्ही पावसाचे पाणी धरू लागलो. पत्र्याचे पाणी मात्र घेतले नाही, कारण त्यातील जस्त शंखांस बाधते. श्रावण सरेपर्यंत दगड स्वच्छ दिसू लागले.

कोळीणमावशीचे बोल केवळ आमच्या पेटीपुरते खरे नव्हते. जमैका बेटाभोवती शेवाळ खाणाऱ्या माशांची मासेमारीने आधीच वाताहत झाली होती. १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले. आणि १९८३-८४ साली शेवाळ चरणाऱ्या काळ्या काटेरी समुद्री साळी रोगाने मेल्या. खाणारे नाहीसे होताच, एके काळी निम्मा तळ व्यापणारे प्रवाळ काही वर्षांत शतांश पाचांहूनही खाली आले व त्यांची जागा शेवाळाने घेतली.

तरीही शेवाळ हा वैरी नव्हे. जिवंत प्रवाळाच्या देहातच एक सूक्ष्म शेवाळ वसते व सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यास पोशिते. पाणी फार तापले की प्रवाळ त्यास बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८ साली व २०१६ साली जगभर असेच घडले. जे एका ठिकाणी घातक, तेच दुसऱ्या ठिकाणी प्राणदायी. पाहावयाचे ते एवढेच, की त्यास कोण पोशितो आणि कोण आवरतो.

आता आमचा भाऊ कुंडाची तीन अंगे रोज पुसतो; मागची काच मात्र मुद्दाम हिरवी ठेवतो. विचारल्यास म्हणतो, "ती शंखांची आहे." आम्ही त्यास काही बोलत नाही.