आगोटीपूर्वीचे वादळ

विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी फुलपाडा वसला आहे. तेथे आमचे कौलारू घर होते. मृगापूर्वी कौले शाकारावीत, पश्चिमेस झावळ्यांचा आडोसा बांधावा, तांदूळ, मीठ नि सरपण भरून ठेवावे, अशी आमची आगोटीची रीत. परंतु १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ वैशाखातच आले! मुंबईस कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर झाला होता. आमची कौले घसरून फुटली, दिवे गेले. शेजारच्या काकूंनी आम्हांला घरात घेतले. चुलीवर पेज शिजली. एका घोंगडीखाली आम्ही सारी मुले निजलो. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनीच छप्पर शाकारून दिले. तेव्हापासून आगोटीची बेगमी करताना आई तांदळाचा एक डबा अडल्या शेजाऱ्यासाठी वेगळा काढून ठेवते.