मोटर हवा घेते तेव्हा...

सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये भिंतीतून येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे दिसले की आपण काय करतो? ‘वॉव, फुकटात जकुझी!’ म्हणतो आणि पुढची लॅप मारतो. गेवराई तालुक्यातला माझा मामा असता तर थेट पंप रूममध्ये शिरला असता. कारण पूलचा पंप काय आणि विहिरीवरची मोटर काय, दुखणं एकच. हवा!

एका उन्हाळ्यात मामाची मोटर अशीच रुसली. पाच मिनिटं धार झकास, मग फसफस, मग नुसती घरघर. मोसंबीची झाडं तहानलेली आणि शेतीची लाइट मोजके तास. शेजारच्या अण्णांनी निकालच दिला, “विहीर बसली तुमची. बोअर घ्या आता.” बीडमध्ये बोअर म्हणजे कर्ज, आणि पाणी लागेल याची गॅरंटी नाही. त्यामुळे पाणी संपलंय की हवा शिरतेय, हा प्रश्न लाखमोलाचा होता.

मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो. खरं तर ती पाइपमधला दाब कमी करते. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. हा फंडा इटलीतल्या टॉरिचेलीने १६४४ मध्येच लिहून ठेवलाय. मोटरच्या पुढच्या पाइपला भोक पडलं तर पाणी गळतं, लगेच दिसतं. मागच्या, म्हणजे सक्शनच्या पाइपला पडलं तर थेंबही बाहेर येत नाही. उलट हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत आणि मोटर बेजार.

मामाने धार तुटायला लागल्यावर विहिरीत बॅटरी मारली. फुटबॉल (गावात फूट व्हॉल्व्हला हेच नाव!) पाण्यात चांगला बुडालेला होता. म्हणजे विहीर निर्दोष. फुटबॉल गळका असता तर मोटर बंद केल्यावर पाणी खाली उतरलं असतं आणि पुढच्या वेळी सुरुवातच झाली नसती. इथे सुरुवात तर झोकात होत होती. उरले जॉइंट.

मग मामीच्या देवघरातली उदबत्ती आली. चालू मोटरच्या एकेका जॉइंटजवळ मामा ती फिरवत गेला. बेंडपाशी धूर वर जायचा सोडून आत वळला. तिथे साबणाचा फेस लावला, तोही गडप! आणि धार क्षणभर सुधारली. चोर सापडला.

फ्यूज काढून बोल्ट खोलले, तर गॅस्केट तडकलेलं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून नवं कापलं, समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून आवळले, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. खर्च? एका वडापावपेक्षा फार नाही.

तुमच्या पूलमध्ये बुडबुडे दिसले तर आधी पाण्याची पातळी बघायला सांगा, मग पंपाच्या जाळीवरच्या झाकणाची रबरी रिंग. बहुतेक वेळा हवा तिथूनच शिरते.

“गळतंय ते दिसतं गं पोरी,” मामा हात धुता धुता म्हणाला, “हवा घेतंय ते हुडकावं लागतं.” संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मोसंबीची शेवटची ओळही भिजली होती. बोअरवाल्याला फोन गेलाच नाही.