कडेचा खेळाडू

मिहानमधील गोदामातील माझी पाळी सायंकाळी सहा वाजता संपते. खापरी मेट्रो स्थानकाकडे जाताना वाटेत एक मोकळा भूखंड लागतो. उन्हाळ्यात तेथील काळ्या मातीला भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल होतो. तरीही मुले तेथे फुटबॉल खेळतात. दोन्ही टोकांना बांबूंचे गोलखांब, एका अंगाला बाभळींची रांग आणि डोक्यावरून विमानतळावर उतरणारी विमाने. कित्येक वर्षे मी या मैदानाजवळून मान खाली घालून जात असे. त्याचे कारण घरात कोणालाही ठाऊक नव्हते.

शाळेत असताना मी डाव्या कडेने खेळत असे. अशा खेळाडूला ‘विंगर’ म्हणतात. त्याच्या एका हाताला नेहमी सीमारेषा असते. मध्यभागी खेळणाऱ्याला चारही दिशा मोकळ्या असतात. विंगरची एक दिशा आधीच बंद असते. उरलेल्या अरुंद पट्ट्यातून वेगाच्या आणि हुलकावणीच्या बळावर त्याने चेंडू पुढे न्यायचा आणि योग्य क्षणी तो मध्यभागी पोहोचवायचा. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो. एका ठिकाणाहून आलेला माल दुसऱ्या ठिकाणी वेळेवर रवाना करणे हेच माझे आजचे काम आहे. त्यामुळे कधी कधी वाटते, माझा खेळ तेवढा सुटला; काम मात्र तेच राहिले.

बारावीच्या वर्षी जिल्ह्याच्या सराव शिबिरासाठी माझी निवड झाली होती. त्याच महिन्यात वडिलांचे काम सुटले. दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या. वडील मला ‘खेळ सोड’ असे म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत, आणि त्या मौनाचा मला अधिक राग आला. मी नोकरी धरली आणि बूट शेजारच्या मुलाला देऊन टाकले. पुढे बहिणी शिकल्या, आपापल्या पायांवर उभ्या राहिल्या. वडील गेले. राग मात्र राहिला.

नागपूरला फुटबॉल नवा नाही. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतील मुलांना भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिले आणि त्यातूनच झोपडपट्टी फुटबॉलचे कार्य उभे राहिले. त्यांच्या जीवनावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला, तेव्हा माझ्या मुलाने तो दोनदा पाहिला आणि खेळायला सुरुवात केली. विशेष म्हणजे, त्यानेही डावी कडच निवडली. मी त्याला काहीच सांगितले नव्हते.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो घरी आला आणि त्याने पिशवी कोपऱ्यात भिरकावली. प्रशिक्षकांनी त्याला आघाडीवरून काढून बचावफळीत डावीकडे उभे केले होते. “मले मागं टाकलं, बाबा. आता मी नाही जात,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला माझाच जुना राग ऐकू आला.

तेव्हा मी त्याला मंदार राव देसाईची कारकीर्द सांगितली. गोव्यातील म्हापशाचा हा खेळाडू मुळात डाव्या कडेचा विंगर. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हापासून तो एफसी गोवा संघात होता. पुढे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या काळात तो बचावपटू म्हणून खेळू लागला. कड तीच, रेषा तीच. फक्त उभे राहण्याची जागा मागे सरकली. मागून धावत येण्याची विंगरची सवय मात्र त्याने सोडली नाही. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला भारताने ०-० असे रोखले, त्या दिवशी भारताच्या बचावफळीत डावीकडे मंदार होता आणि उजवीकडे मुंबईचा राहुल भेके. याच भेकेने त्या वर्षीच्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात ११७व्या मिनिटाला बेंगळुरूसाठी गोल करून मंदारच्या गोव्याला हरवले होते. सहा महिन्यांनंतर दोघे एकाच फळीत उभे होते. २०२०-२१ च्या हंगामात मंदार ज्या मुंबई सिटी संघात होता, त्याने साखळीतील अग्रस्थान आणि विजेतेपद दोन्ही मिळवले. या लीगमध्ये त्याने शंभराहून अधिक सामने खेळले.

मुलाने सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “पण त्याले पगार तरी भेटे न, बाबा!”

मी निरुत्तर झालो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कडेने धावणाऱ्या सगळ्याच मुलांच्या वाट्याला दोहा येत नाही. बहुतेकांची धाव अशा एखाद्या भूखंडावरच संपते. दुसऱ्याच्या यशाची कथा सांगून माझी सुटका होणार नव्हती. म्हणून त्या रात्री मी प्रथमच त्याला माझी हकीकत सांगितली: शिबिराची, बुटांची आणि वडिलांवरील रागाचीही. बोलता बोलताच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अठराव्या वर्षी मीही आघाडीवरून मागे सरकलो होतो. दोन बहिणी पुढे जाव्यात म्हणून कोणीतरी मागे उभे राहणे आवश्यक होते. त्या जागेला मी आयुष्यभर पराभव म्हणत आलो. आणि काम सुटलेल्या माझ्या वडिलांना तेव्हा बोलण्यासाठी शब्द तरी कोठून सापडले असते?

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने एवढेच विचारले, “ते बूट कोणत्या रंगाचे होते?” मी म्हणालो, “काळे. डाव्या बुटाचा तळ सुटला होता.”

तो पुन्हा मैदानावर जाऊ लागला. बचावफळीत खेळतो, आणि अजूनही प्रशिक्षकांकडे आघाडीची जागा मागतो. मी त्याला अडवत नाही. मागत राहणे हाही खेळाचाच भाग आहे. चाळिशीनंतर मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव नोंदवणारा मी तरी दुसरे काय करत आहे? पाळी संपल्यावर आता मी त्या भूखंडाच्या कडेला, बाभळींजवळ, काही वेळ थांबतो. पिशवीत अभ्यासाचे पुस्तक असते. उजेड असेपर्यंत दोन पाने वाचतो आणि मधून मधून मान वर करून डावी कड पाहतो.