कोऱ्या कागदावरील मोहोर

गेल्या मार्गशीर्षात शाळेच्या सहलीबरोबर बीदरला जाण्याचा योग आला. आमच्या सीमाभागातील मुलांना बीदर काही परके नाही. बाजारहाट, दवाखाना, कचेरीचे काम, अशा या ना त्या निमित्ताने घरातील कोणीतरी तेथे जातच असते. परंतु जे नेहमी दिसते ते आपण क्वचितच पाहतो. म्हणून महमूद गवानच्या मदरशासमोर आम्ही सर्वांना थांबविले व त्या वास्तूची हकीकत सांगावयास आरंभ केला. ती सांगता सांगता आम्हांस स्वतःचीच एक जुनी चूक आठवली आणि आमचे बोलणे मध्येच अडखळले. त्या दिवशी जे सांगावयाचे राहिले, ते आज येथे लिहितो.

महमूद गवान हा मूळचा इराणातील गीलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने तो दक्षिणेत आला आणि आपल्या कर्तृत्वाने बहमनी राज्याचा वजीर झाला. या राज्याची राजधानी १३४७ पासून कलबुर्गीस होती. ती पुढे पंधराव्या शतकात बीदरला आली. तेथे १४७२ मध्ये गवानाने हा तीन मजली मदरसा उभारला. त्याचा एक मिनार व भिंतींवरील रंगीत फरशांचे काही अवशेष आजही पाहावयास मिळतात. राज्याची घडी बसविण्यासाठी त्याने चार मोठ्या प्रांतांचे आठ प्रांत केले व सुभेदारांच्या सत्तेस आळा घातला. साहजिकच दरबारातील काही सरदारांच्या डोळ्यांत तो सलू लागला.

पुढील कथा फरिश्ता या इतिहासकाराने नोंदविली आहे. सरदारांनी वजिराच्या मोहोरदाराशी सलगी केली, त्याला भेटी दिल्या, आणि एके दिवशी तो मद्याच्या अमलाखाली असता घडी घातलेला एक कागद त्याच्यापुढे धरला. 'एका मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, तेवढी मोहोर उमटवा,' असे त्यांनी सांगितले. मोहोरदाराने कागद उलगडून पाहिला नाही. तो कोरा होता. त्यावर मग वजिराच्या नावे ओरिसाच्या राजास राज्यावर चाल करून येण्याचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले. सुलतानाने त्यावर विश्वास ठेवला व १४८१ मध्ये आपल्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे सुलतानास पश्चात्ताप झाला. पण तोवर वेळ निघून गेली होती. वर्षभरात सुलतानही वारला आणि काही काळाने त्या राज्याची पाच शकले झाली.

राज्ये एका कागदाने बुडत नाहीत. त्यास अनेक कारणे असतात. परंतु त्या मोहोरदाराविषयी आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो. आपल्या धन्याचा घात करावा, असे त्याच्या मनात होते काय? या हकीकतीवरून तरी तसे दिसत नाही. त्याच्या लेखी मोहोर उमटविणे हे हाताचे एक काम होते. कागदावर काय लिहिले आहे, त्याने कोणाचे बरे-वाईट होणार आहे, हे पाहणे आपल्या कामाचाच भाग आहे, असे त्यास वाटले नाही. मद्य त्या एका दिवसाचे असेल. कामाकडे पाहण्याची ती रीत मात्र एका दिवसात अंगी बाणलेली नसावी.

आता आमची गोष्ट. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एका लहान गावी शिक्षक होतो. मन तेथे रमत नव्हते. मोठ्या शहरात जागा मिळावी म्हणून अर्ज चालले होते आणि हे गाव म्हणजे दोन घटकांची धर्मशाळा, असे आम्ही समजत होतो. मराठीत ज्यास 'पाट्या टाकणे' म्हणतात, तसे आमचे काम चालले होते. त्या वर्षी नववीच्या वार्षिक परीक्षेच्या गणिताच्या उत्तरपत्रिका आम्ही दोन रात्रींत तपासून हातावेगळ्या केल्या. एका मुलाने मुखपृष्ठावर एक पुरवणी जोडल्याची नोंद केली होती. ती आम्ही वाचली नाही. पुरवणी दोरा सुटून गठ्ठ्यात दुसरीकडे गेली होती. तो मुलगा नापास झाला. मुखपृष्ठावर तपासणाऱ्याची सही आमची होती.

पावसाळ्यात कपाट आवरताना ती पुरवणी हाती लागली. त्यातील तीन उदाहरणे बिनचूक होती. आम्ही ती परत गठ्ठ्यात सारली. आता कोणास कळणार आहे, असे मनाशी म्हटले. चार दिवस अन्न गोड लागले नाही. पाचव्या दिवशी ती घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. निकाल दुरुस्त झाला. परंतु मुलगा तोवर मामाबरोबर हैदराबादेस कामावर गेला होता. त्याच्या वडिलांना आम्ही स्वतः जाऊन भेटलो व क्षमा मागितली. पुढच्या जूनमध्ये तो परत आला आणि धाकट्या भावाच्या मित्रांबरोबर दहावीच्या वर्गात बसला. पहिल्या दिवशी त्याने आम्हांस वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराने आम्हांस जी शिक्षा झाली, ती कोणत्याही वरिष्ठाने दिली नसती.

त्या वर्षी आम्ही चोरी केली नव्हती, लाच घेतली नव्हती. आम्ही केवळ कंटाळलेले होतो. तथापि कंटाळ्याने एका मुलाचे वर्ष नेले. आणि वर्ष नेल्यावर ते लपविण्याची बुद्धीही त्याच कंटाळ्याच्या पोटी जन्मली. मनुष्य एकाएकी अप्रामाणिक होत नाही. प्रथम त्यास काम परके वाटू लागते. मग कामाच्या पलीकडची माणसे दिसेनाशी होतात. आणि जे दिसत नाही, त्याविषयी खोटे बोलणे सोपे जाते.

याच बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे बाराव्या शतकात शरणांनी कामास 'कायक' म्हटले. प्रामाणिकपणे केलेले श्रम हीच पूजा, असा त्याचा आशय. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून उदरनिर्वाह करी. एके दिवशी त्याने गरजेहून अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा हिने त्यास ते परत ठेवून येण्यास सांगितले, अशी कथा आहे. तेथे पाहणारा अधिकारी नव्हता, हिशेबाची वही नव्हती. शरणांनी कायकाबरोबर 'दासोह' म्हणजे मिळालेले समाजाशी वाटून घेणे हेही सांगितले. म्हणून काम घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, ज्यास वेळेवर वेतन व बरोबरीचा मान मिळत नाही, त्याच्याकडून कामाच्या गोडीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

सहलीच्या शेवटी आम्ही बिदरी कामाच्या एका दुकानात गेलो. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर टाकीने कोरलेली नक्षी, त्या खाचांत ठोकून बसविलेली चांदीची तार. अखेरीस किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या द्रावणाने भांडे काळे होते आणि चांदी तेवढी उजळ राहते. आमच्या एका विद्यार्थ्याने वृद्ध कारागिरास विचारले, "चाचा, खाच थोडी उथळ कोरली, तर कोणाला कळणार?"

ते हातातले काम न थांबविता म्हणाले, "आज नाही कळणार, बाळा. काही वर्षांनी तार उचलून येईल. तेव्हा मी समोर नसेन, पण ज्याने पैसे दिले त्याच्या घरात भांडे असेल."

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी परिचारिका, कोणी वाहक, कोणी अभियंता. प्रत्येकाच्या हाती कोणती ना कोणती मोहोर येईल. तिच्याखालचा कागद उलगडून पाहण्यास क्षणभर वेळ लागतो. आम्ही आजही उत्तरपत्रिका तपासावयास बसलो म्हणजे प्रथम मुखपृष्ठावरील पुरवण्यांची संख्या वाचतो, मग पुरवण्या मोजतो, आणि मगच लाल शाईचे पेन उघडतो.