सतरा वर्षांची डागडुजी

पाँपेईला निघालेल्या माणसाला ज्वालामुखीखेरीज दुसरे काही दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. शाळेच्या पुस्तकापासून सिनेमापर्यंत सगळ्यांनी त्याला तेवढेच दाखविलेले असते : डोंगर फुटला, राख पडली, शहर गाडले गेले. आमच्या कॉलेजातल्या अठरा मुलामुलींना घेऊन मी एका मार्चअखेरीस नेपल्सला उतरलो, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांसमोर तो एक डोंगरच होता. निम्मी मुले भूशास्त्राची, निम्मी इतिहासाची. मी इतिहासाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सह्याद्रीच्या खडकाशी ज्यांचा घरोबा, त्या भूशास्त्रवाल्यांना आमचे रोमन लोक म्हणजे परवाचीच माणसे वाटत, आणि तसे ते बोलूनही दाखवीत.

डोंगराने मात्र पोरांची घोर निराशा केली. उंची १२८१ मीटर. बस बरीच वर नेऊन सोडते. पुढे काळ्या-तांबड्या भुसभुशीत वाटेने चढायचे आणि कठड्याला टेकून आत डोकवायचे. आत एक प्रचंड कोरडी विहीर, आणि कडेच्या खडकातून निघणारी, चुलीवरच्या ओल्या लाकडाची असावी तशी वाफेची एखादी रेघ.

"एवढंच, सर?" एकाने विचारले. एवढ्यासाठी घरून आणलेल्या चिवड्याचा शेवटचा डबा आम्ही वर वाहून नेला होता!

हा डोंगर शेवटचा जागा झाला मार्च १९४४ मध्ये. पायथ्याचे सान सेबास्तियानो हे गाव तेव्हा लाव्ह्याखाली गेले. लोकांनी ते पुन्हा तिथेच, थिजलेल्या लाव्ह्यावर बांधले. वरून पाहिले तर उतारावर द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा आणि समुद्रापर्यंत घरेच घरे. धोक्याच्या पट्ट्यात सहा-सात लाख माणसे राहतात.

"ही माणसं निघून का जात नाहीत?" एका मुलीने विचारले. भूशास्त्रवाल्यांनी राखेने सुपीक झालेल्या मातीवर लगेच व्याख्यान दिले. ते खरेही होते. आमच्यातला एक मुलगा मात्र खालच्या घरांकडे पाहत गप्प उभा होता.

हा मुलगा औसा तालुक्यातला, किल्लारीजवळच्या एका गावचा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना धरणी हलली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचा भार. माणसे मेली ती घराखाली. याचे आजोबा आणि एक आत्या त्यात गेली. तो स्वतः जन्मला तो दहा-अकरा वर्षांनी, सरळ रस्त्यांच्या नव्या गावठाणात. पण त्याच्या घरी आजही काळाचे दोनच भाग आहेत : भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर.

दुसऱ्या दिवशी पाँपेईत मी मुलांना जे सांगितले, ते या मुलाला डोळ्यांपुढे ठेवूनच. ज्वालामुखी फुटला इ. स. ७९ मध्ये. पण त्याआधी सतरा वर्षे, इ. स. ६२ मध्ये, या शहराला मोठा भूकंप झाला होता. देवळे पडली, पाण्याची व्यवस्था कोलमडली. राख पडली त्या दिवशीही शहराची डागडुजी चालूच होती. म्हणजे आपण जे पाहतो ते सुखात लोळणारे, अचानक बुडालेले नगर नव्हे. ते मोडलेले घर पुन्हा उभे करणाऱ्या माणसांचे गाव आहे. मला तर त्या प्रसिद्ध आगीपेक्षा ही सतरा वर्षेच मोठी वाटतात.

इसिस देवीचे देऊळ तर पायापासून नव्याने बांधले. तिथल्या शिलालेखात बांधणाऱ्याचे नाव आहे, आणि या दानशूर गृहस्थाचे वय आहे सहा वर्षे! बाप गुलामगिरीतून सुटलेला; त्याला नगरसभेत जागा नव्हती. म्हणून पैसा बापाचा, नाव मुलाचे, आणि मुलगा सभासद. पोरे खो-खो हसली. आपल्याकडच्या राजकारणाचे दाखले त्यांना मी द्यावे लागले नाहीत.

केकिलियस युकुंडुस नावाच्या सावकाराच्या घरी हिशेबाच्या दीडशेवर पाट्या सापडल्या. पण त्याच्या देव्हाऱ्यावर त्याने काय कोरून घेतले होते? भूकंप. कललेले देऊळ, हेलकावणारे घोडेस्वारांचे पुतळे. इथे तो मुलगा पहिल्यांदा बोलला.

"सर, देव्हाऱ्यात का?"

मी काहीतरी सांगितले. देवाचे आभार, नवस वगैरे. त्याने ऐकून घेतले.

पुढे एका भटारखान्यात लाव्ह्याच्या दगडाची कमरेइतकी उंच जाती उभी होती. ती गाढवांकडून फिरवीत. मुलाने त्यावर हात ठेवला.

"आजीनं पडलेल्या घरातनं जातं काढून आणलंय. असल्याच काळ्या दगडाचं. दळत नाही त्यावर. तुळशीपाशी ठेवलंय, रोज पाणी घालते."

सावकाराच्या देव्हाऱ्याचे माझे स्पष्टीकरण त्यानंतर मी पुन्हा कोणाला दिलेले नाही.

मृतांचे साचे पाहायला तो आला नाही. १८६३ मध्ये फियोरेल्ली यांनी राखेत राहिलेल्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून ही रूपे काढली. शास्त्राच्या दृष्टीने अपूर्व काम. पण पालथे पडलेले माणूस पाहून आमचीही कॅमेरे काढणारी मुले जरा ओशाळली, ते मला बरे वाटले.

नेपल्सच्या संग्रहालयात मात्र तो सगळ्यांच्या पुढे होता. पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली, वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्री तिथे आहे. लोक तिला लक्ष्मी म्हणतात. तिच्याच पठडीतली मूर्ती आपल्या तेरला सापडली आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे जहाजाने पश्चिमेकडे.

"गोरोबाकाकांचं तेर?" तो म्हणाला. "यात्रेला जातो की आम्ही." आणि काचेपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिला. गळ्यात, हातांत, पायांत दागिने घातलेली ती बाई त्याच्या मुलखातून निघाली असेल-नसेल. पण आली कुठे, तर भूकंपाच्या गावी.

संध्याकाळी बसची वाट पाहताना त्याने आजीला फोन लावला. म्हातारीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. जेवलास का, थंडी आहे का, असे होऊन झाल्यावर तिने विचारले,

"घरं कशाची हायती तिकडं?"

"दगडाची, आजी. चार-चार मजली."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "दाराजवळ झोपत जा."

"हो," तो म्हणाला, आणि बस आली.