मागचा बाक

गोव्यात चवथ आठवड्यावर आली की घरोघरी एक प्रश्न निघतो. गणपती कशातून आणायचा? पूर्वी हा प्रश्न नव्हता. चित्रशाळा गावातच असायची, नाहीतर शेजारच्या वाड्यावर, आणि मूर्ती पाटावर ठेवून डोक्यावरून घरी यायची. आता मूळ घर फोंड्याकडे, माणसे पणजी-मडगावच्या फ्लॅटांत आणि मूर्ती सांगितलेली तिसऱ्याच गावात. तेव्हा गणपतीलाही मोटार लागते. बरे, गणपती एकटा येत नाही. माटोळीचे सामान, दोन घुमटे, शामेळ, पेटी, नारळांचे पोते आणि एवढे भरूनही 'मीपण येतो' म्हणणारी चार पोरे. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "मागचा बाक काढून टाकूया."

हा विचार आपल्या अंगवळणी पाडला तो बहुतेक मारुतीच्या व्हॅनने. १९८४ साली ती आली, १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षांत या चौकोनी डब्याने गोव्यात काय काय वाहिले नाही? शाळेची मुले, पाव, मासळी, भजनी मंडळे, नाटकाचे पडदे, आजारी माणसे आणि शेवटच्या प्रवासाला निघालेली माणसेसुद्धा. इंजीन पुढच्या आसनांखाली, त्यामुळे मागे सपाट जमीन. बाक काढला की खोलीच झाली. आज ओम्नीची जागा ईकोने घेतली आहे, पण आपली खोड तीच राहिली आहे.

आमच्या घरीही सात आसनांची अशीच एक गाडी आहे. गेल्या चवथीच्या आधी दादाचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, चार बोल्ट आहेत फक्त. मेस्ताकडे नेली तर दहा मिनिटांचे काम. मागे चटई घालू. गणपती मध्ये, पोरे भोवती बसतील आणि घुमट वाजवत येतील."

खरे सांगतो, या चित्राचा मोह मलाही पडला. पावसाची रिपरिप, गाडीत मातीचा आणि रंगाचा वास, मागून आरतीचा ठेका. पण मोहात पडायच्या आधी दोन गोष्टी बघायला हव्या होत्या. एक कायद्याची आणि दुसरी जिवाची.

कायद्याची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. 'गाडी माझी, बाक माझा, मी काढीन नाहीतर ठेवीन' असे आपण समजतो. पण गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आरसी बुकावर, आसनसंख्या लिहिलेली असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की निर्मात्याने मूळ ठरवलेला तपशील आणि प्रमाणपत्रातला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका खटल्यात हे कलम आणखी घट्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

आता तुम्ही म्हणाल, एका दिवसापुरता बाक काढणे म्हणजे काय बदल? घराच्या अंगणात बाक काढून धुतला, उन्हात वाळवला, परत बसवला, तर विचारायला कोण येणार? पण सात आसनांची गाडी पाच आसनांनिशी रस्त्यावर धावू लागली की कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. विम्याच्या कागदावरही आसनसंख्या असते. अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा हाच मेळ घालून बघणार. बोरीच्या पुलाजवळ भर पावसात, मांडीवर गणपती घेऊन, 'तात्पुरते' या शब्दाचा अर्थ पोलिसाला समजावत बसण्याची हौस मला तरी नाही. म्हणून मी माझ्यापुरता सरळ नियम केला आहे. रस्त्यावर गाडी कागदात आहे तशीच काढायची.

ज्यांना खरोखरच बाक कायमचा नको आहे त्यांना वाट आहे. वाहतूक खात्याच्या कार्यालयात आधी अर्ज करायचा, मान्यता घ्यायची, गाडी दाखवायची, प्रमाणपत्रावर नवी आसनसंख्या नोंदवून घ्यायची आणि मग विमा कंपनीला लेखी कळवायचे. क्रम हाच. आधी बोल्ट आणि मग अर्ज असे नव्हे. आणि नुसते सामानच न्यायचे असेल तर पिवळ्या पाटीचा लहान टेम्पो भाड्याने मिळतो. तो त्याच कामासाठी नोंदलेला असतो.

आता जिवाची गोष्ट. आमच्या ओळखीचे एक मेस्त आहेत, तीस-पस्तीस वर्षे गाड्यांखाली घालवलेले. पुतण्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. म्हटले, परवानगी घेऊन बाक काढायचा झाला तर काय काय करावे लागते ते याला एकदा दाखवा. त्यांनी जे दाखवले ते मुद्दाम लिहून ठेवतो. ज्यांना रीतसर काम करायचे आहे त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आसनाखाली हात घालण्यापूर्वी पिवळ्या वायरी शोधायच्या. पिवळे वेष्टण म्हणजे एअरबॅगची किंवा पट्टा ताणून धरणाऱ्या यंत्रणेची वायर. काही गाड्यांत एअरबॅग आसनाच्या कुशीतच शिवलेली असते. अशा गाडीची बॅटरी आधी सोडायची, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबायचे आणि मगच काम करायचे. पुढची आसने तर घरी काढूच नयेत, ते काम कंपनीच्या कार्यशाळेत व्हावे.

दुसरी गोष्ट गंजाची. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर्षभर खारा वारा आणि बायणा-कळंगुटहून चपलांना चिकटून आलेली वाळू. बाकाचे बोल्ट जमिनीत अक्षरशः रुजलेले असतात. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवायचे. घाईत मोठा पाना लावून जोर काढला तर बोल्टाचे डोके तुटते, किंवा खालचा नट वेल्डिंगमधून सुटून गरगर फिरतो. मग तो बाक पुन्हा कधीही पूर्वीसारखा घट्ट बसत नाही.

तिसरी गोष्ट भोकांची. बोल्ट काढले की तळाला भोके उरतात. त्यांतून पाणी आत येते आणि धुरांड्याचा धूरसुद्धा. बंद काचांच्या गाडीत तो धूर घातक. भोके रबरी बुचांनी बंद करायलाच हवीत. बिजागरीचे जे लोखंडी कान वर राहतात ते पाय कापतात, तेही झाकायचे.

चौथी गोष्ट परत बसवण्याची. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा याचे माप ठरलेले असते आणि ते टॉर्क पान्याने मोजतात, मनगटाच्या अंदाजाने नव्हे. काही बाकांचे पट्टे गाडीच्या सांगाड्याला अडकवलेले असतात, काहींचे बाकालाच. बाकाला पट्टा असेल तर त्या बोल्टांवर उद्या माणसाचा जीव टांगलेला असणार.

हे सगळे पुतण्याने नीट ऐकले. इंजिनियरिंगला आहे, त्यामुळे त्याला यात रस वाटला. पण चटई त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. "मेस्त, मी सगळे असेच करीन. मग पोरे खाली बसली तर काय?"

मेस्तांनी गॅरेजच्या गच्चीकडे बोट केले. "थंयसून शामेळ सकयल उडयल्यार चलता?"

हिशेब मी घरी येऊन करून पाहिला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. त्या वेगातली गाडी एकाएकी अडली तर आतल्या मोकळ्या वस्तूला साधारण १० मीटर उंचीवरून पडल्याइतका मार बसतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. शामेळ काय, पेटी काय आणि चटईवरचे पोर काय, निसर्गाला सगळे सारखेच. एरवी मागच्या सामानाला अडवायला निदान बाकाची पाठ असते. बाक काढला की ती भिंतही जाते. मांडीवर मूर्ती घेऊन पुढच्या आसनावर बसण्याची जी आपली आवडती पद्धत आहे, तिचीही तीच कथा. आताच्या नव्या मोटारींत त्या आसनासमोरही एअरबॅग असते. पापणी लवण्याआधी ती उघडते आणि तिच्या व माणसाच्या मध्ये मूर्ती असते.

तरी निर्णय झाला तो या हिशेबाने नाही. रात्री जेवताना यादी चालली होती. पुतण्या सांगत होता, बाक काढला तर काय काय मावेल. बाबा एका बाजूला पेज जेवत होते. वय शहाऐंशी. कानाने कमी ऐकतात, म्हणून आम्ही त्यांना धरून चालत नाही. ते मध्येच म्हणाले, "आणि मी खंय बसूं?"

सगळे गप्प झाले. सत्तर वर्षे या घराचा गणपती आणायला बाबा स्वतः गेले आहेत. आधी डोक्यावरून, मग बसने, मग स्कूटरवर मागे बसून. आमच्या यादीत घुमट होते, शामेळ होती, नारळ होते. बाबा नव्हते. ते घरी थांबतील असे प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवून टाकले होते आणि त्यांना कोणीच विचारले नव्हते.

मग यादी नव्याने झाली. बाबा मधल्या रांगेत, दाराजवळ, पट्टा लावून. त्यांच्या शेजारी दादा. गणपतीसाठी पुतण्याने खोका केला. पाटाच्या मापाची फळी, चारी बाजूंनी फोम आणि सामान बांधायचे पट्टे. तो मधल्या रांगेत तिसऱ्या आसनावर, आसनाच्याच पट्ट्याने आणि वर आणखी एका पट्ट्याने आवळून बसवला. मूर्ती दीड फुटाची, म्हणून हे जमले. मोठी असती तर टेम्पो सांगितला असता. मागच्या बाकावर दोनच मुले, पट्टा लावून. घुमटे, शामेळ, पेटी आणि नारळ आदल्या दिवशी दादाच्या मित्राच्या गाडीतून गेले. बाकीची पोरे बसने गेली आणि आमच्या आधी पोचली.

चित्रशाळेत बाबांना खुर्ची दिली. त्यांनी मूर्ती बघितली, सोंडेचे वळण बघितले, 'बरे आहे' म्हणाले. परतीच्या वाटेवर गाडीत घुमट नव्हते. थोडा वेळ शांततेतच गेला. मग बाबांनीच खोक्याच्या कडेवर बोटांनी ठेका धरला आणि मागची दोन पोरे आरती म्हणू लागली. पट्टा लावून आरती म्हणता येते हे त्यांना त्या दिवशी कळले.

या वर्षीही गाडीचे बोल्ट कोणी सोडणार नाही. आमच्या आरसी बुकावर सात आसने लिहिली आहेत, आणि त्यांतल्या एकावर बाबा बसतात.